बंद गाडीचा भाव सांगणारा शालिक मिस्त्री

आंधळगावच्या एका गाड्यांच्या दलालानं शालिक मिस्त्रीच्या विधवेला फसवलं. मिस्त्रीची बंद व्हॅन त्यानं भंगार म्हणून वजनावर उचलली. शालिक कोण होता हे माहीत नसेल, तर यातला नीचपणा कळायचा नाही, म्हणून लिहितो.

बंद पडलेली गाडी विकायची असली की आमच्या भागात घेणारा आणि देणारा दोघं मिळून शालिकला बोलवायचे. तो दोघांकडून एकेक चहा घ्यायचा, पैसा कोणाचाच नाही. बॉनेट उघडण्याआधी मालकाला विचारायचा, "काहून बंद पडली गा? चालता चालता का उभ्या उभ्या?" मग तेलाची कांडी काढून हुंगायची, इंजिनच्या पुलीला पाना लावून हातानं फिरवायचं. इंजिन फिरलं की हिशेब ठरलेला. "चालू गाडीचा भाव धर. दुरुस्ती काट. घेणाऱ्याच्या डोकेदुखीचं थोडकं काट. बाकी मालकाचं."

मी जुन्या गाड्यांचाच धंदा करतो. पंक्चर काढत काढत इथवर आलो. भाव पाडण्यात माझा हात कोणी धरत नाही. गोसीखुर्दकडच्या एका मासेवाल्याची व्हॅन मी अशीच पाडून मागत होतो. "मेली हाय गाडी," मी म्हणालो. शालिकनं पाना फिरवला आणि मालकादेखत मला झापलं, "झोपली हाय, मेली नाही. झोपलेल्याले मेलेल्याचा भाव देऊन राहिला का तू? लाज वाटू दे!"

मासेवाला हसला. मी पेटलो. आठ दिवस शालिकशी बोललो नाही; पण भाव त्याचाच दिला.

पुढं शालिकची स्वतःची व्हॅन बंद पडली, तेव्हा तो खाटेवर होता. दलाल आणि मी भेटायला गेलो. दलालानं सहज विचारावं तसं विचारलं, "मिस्त्री, गाडीले काय झालं?"

"डिझेलचा पंप गेला. इंजिन ठणठणीत हाय. बरा झालो का मीच बसवतो."

तो बरा झाला नाही.

तेरवी झाली आणि मी चिखल्याला एक ट्रक पाहायला गेलो. तेवढ्यात दलालानं डाव साधला. सरस्वतावहिनीला म्हणाला, "इंजिन जाम हाय, वहिनी. लोखंडाच्या भावानंच जाईल." वहिनी मला म्हणाली, "भाऊ, तो तर यांच्यापाशी येऊन बसे. मले वाटलं, यांनीच सांगलं असन." त्या पैशात तिला घरावर पत्रे टाकायचे होते. अर्ध्या घरावरसुद्धा आले नाहीत.

पंधरा दिवसांनी तीच व्हॅन माझ्यासमोरून प्रवासी भरून गेली. मी चौकात अडवली, बॉनेट उघडायला लावलं. पंप नवा, इंजिन तेच. दलालाला गाठलं तर म्हणतो, "धंदा हाय भाऊ. तू नाही करत का?"

करतो. भाव पाडतो, भांडतो, शिव्या देतो आणि खातोही. पण समोर तोडीस तोड माणूस लागतो. ज्याच्या तोंडून गाडीचा खरा रोग ऐकला, त्याच्याच बायकोला मी खोटा रोग सांगितलेला नाही.

दलाला, वहिनीच्या दारात ये. चार माणसं मी बोलावतो. इंजिन जाम आहे हे तुला कोणी सांगितलं होतं, त्याचं नाव घे. नाहीतर शालिकनं लावला असता तो भाव तिच्या हातात ठेव.