टाकीवर बसू नये

बिल्डिंग उभी राहायला दोन पावसाळे लागले. तिचे किस्से मात्र अजून चढतातच आहेत, मजल्यावर मजला. त्यांना कुणाची परमिशन लागत नाही! बाळकुमला खाडीकडेला आमची भातशेती होती. ती बिल्डरने घेतली आणि बदल्यात आम्हाला वर खोल्या दिल्या. मला तिसरा मजला, माझा दोस्त जना त्याला चौथा. लिफ्ट नाही. "चार मजल्यांना लिफ्ट कशाला?" म्हणे. म्हणणारा स्वतः तळमजल्यावर ऑफिस टाकून बसलेला!

*

बांधायच्या आधी आर्किटेक्ट रंगीत चित्र घेऊन आलेला. तरणा पोरगा, बुटांना आमचा चिखल लागू नये म्हणून विटांवरून चालत होता. चित्रात बिल्डिंग, पुढे झाडं, एक गाडी, आणि कुत्र्याला दोरी बांधून फिरवणारी एक बाई.

जनाने बोट ठेवलं. "ही कोण?"

"कोणी नाही हो काका. शोभेला काढतात माणसं."

"मग आमी कुठं?"

"तुम्ही आत असणार ना, घरात!"

मी चौथी शिकलेला, पण तिथंच समजायला हवं होतं. कुत्र्याला बाहेर जागा होती, आम्हाला नव्हती!

*

माझी बायको हिरा. कोळ्याची पोर, पावसाळ्याआधी बोंबील वाळवणार नाही तर काय लोणची घालणार? तर सोसायटीच्या सेक्रेटरीने गच्चीला कुलूप ठोकलं. "गच्ची कॉमन आहे, सगळ्यांची!"

सगळ्यांची, म्हणून कोणाचीच नाही. हा कुठला न्याय!

हिराने मग गॅलरीत दोरी बांधली. गॅलरी एवढीशी, की आत शिरलेला माणूस बाहेर येतो तो पाठमोराच. बोंबलाचा वास सरळ खाली सेक्रेटरीच्या घरात. नाकाला रुमाल लावून तो वर आला. "वहिनी, हे काय चाललंय?"

"वास कॉमन हाय भाऊ, सगळ्यांचा!"

दुसऱ्या दिवशी गच्चीची चावी आमच्या दारात.

*

पहिल्या मजल्यावर कांबळे. कंपनीचा माल दारोदार विकून रिटायर झाला, कल्याणची चाळ सोडून इथे आला. त्याचं दार बाहेर उघडतं, समोरच्याचंही बाहेर उघडतं, आणि मधला पॅसेज टीचभर. दोघं एकदम निघाले की दारावर दार, धाडकन! समोरच्या म्हातारीची बोटं चेंगरता चेंगरता वाचली.

तेव्हापासून कांबळे आतून टकटक करतो, मगच बाहेर पडतो. म्हणतो, "जन्मभर दुसऱ्याची दारं वाजवली. आता स्वतःचं वाजवतो, आणि तेही आतून!"

*

गावात प्रत्येक घराला ओटा होता. संध्याकाळी आम्ही तिथं बसायचो. बिल्डिंगला ओटा नाही, बाक नाही, पायरीसुद्धा रुंद नाही. गेटजवळ जमिनीतली पाण्याची टाकी, तिच्यावर सिमेंटचा चौथरा. तोच आमचा ओटा झाला. जनाचे गुडघे गेलेले, तरी भिंत धरधरून तो चार मजले उतरायचा. त्या तासाभरासाठी दिवस काढायचा गडी.

सेक्रेटरीने पाटी रंगवून आणली. 'टाकीवर बसू नये.'

त्या संध्याकाळी जना एकटाच आधी येऊन बसलेला. सेक्रेटरी गेटवरच्या सगळ्यांसमोर ओरडला, "ओ, उठा! पाटी वाचता येत नाही का?"

नव्हतीच येत. जना शाळेत कधी गेलाच नव्हता. उठला, वर गेला, तो पुन्हा उतरला नाही. गुडघ्यांचं नाव सांगतो. अरे, गुडघे आधी काय नवे होते?

मग आम्हीच वर जायला लागलो. त्याच्या दाराबाहेर जिन्यात बसतो, पायरीला एक म्हातारा. खालच्या पायरीवरचा वरच्याच्या गुडघ्यांशी बोलतो!

*

आणि हा परवाचा. जनाच्या शेजारची खोली त्याच आर्किटेक्टच्या बहिणीने घेतली. वास्तुशांतीला त्यांचे वडील आले. चढले कसेबसे, पण जेवण झाल्यावर उतरायला पाय टेकवेना. जनाने आपली लाकडी खुर्ची दिली. पुढे कांबळे, मागे आर्किटेक्ट, खुर्चीत वडील. पहिल्याच वळणावर खुर्ची अडकली.

मी म्हटलं, "साहेब, वळवा की."

"वळत नाहीये!"

"कागदावर वळत असेल, बघा."

घाम फुटला त्याला. वडील मध्येच लोंबकळत. शेवटी तेच म्हणाले, "ठेव मला इथंच. मी बसतो जरा या मंडळींत. तू जा खाली, दम खा."

वडिलांचं आणि आमचं जमलं की! भाताच्या गोष्टी निघाल्या, चहा आला, दुसरा आला. जना चौथ्यावर आपल्या गॅलरीत गेला, खाली बघत उभा राहिला.

खाली आर्किटेक्ट थोडा वेळ उभा राहिला. मग गेटला टेकला. मग या पायावरून त्या पायावर. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, बसायला कुठे काही दिसेना. शेवटी खिशातला रुमाल काढला, टाकीवर पसरला आणि बसला.

आणि वरून जनाचा आवाज आला, सगळ्या बाळकुमला ऐकू जाईल असा, "ओ साहेब, उठा! पाटी वाचता येत नाय का?"