नानांचा पहारा

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे, आणि तरीही इतकी वर्षं टाळलीच आहे. सप्ताहात, लग्नघरी, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही मी ती रंगवून सांगितली. पण दरवेळी एका माणसाला तिच्यातून वगळून. आता वय झालं. बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही, तेव्हा छातीत धस्स होतं. म्हणून जे घडलं ते तसंच लिहून टाकतो. ती दुपार आठवली की आजही अंगावर काटा येतो आणि उठून टाळी वाजवावीशी वाटते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. आम्ही परतूरला राहत होतो. मी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. माझे वडील, नाना, आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळातले जुने विणेकरी. सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकजण ती खांद्याला लावून नाम घेत उभा राहतो. त्याची वेळ भरली की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते. त्याला पहारा म्हणतात. चैत्रातला भर दुपारचा पहारा कोणालाच नको असायचा. तो नाना मागून घ्यायचे.

त्याच नानांची आठवण पुढे पुढे जायला लागली. आधी जेवल्याचं विसरले, मग घरचा रस्ता, मग मला. निजामाच्या काळात वसुलीला येणारा गिरदावर त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. मी समोर दिसलो की हात जोडायचे, "गिरदावरसाब, सोडा मला. घरी पोरगं वाट बघत असंल." ते पोरगं म्हणजे मीच.

डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. गल्लीत कोणी म्हातारचळ म्हणालं, कोणी बाहेरचं म्हणालं. एकदा नाना नुसत्या लंगोटीवर मोंढ्यात, भर बाजारात सापडले, तेव्हा लोक हसले. मला ते हसणं सोसलं नाही. दिवाळीनंतर मी त्यांना मागच्या खोलीत ठेवलं, कुलूप लावलं आणि सगळ्यांना सांगितलं की नाना हसनाबादला माझ्या बहिणीकडे, आक्काकडे गेलेत. माझ्या बायकोनं, शांतानं, एकदा दार उघडं टाकलं तर ते निसटले. तेव्हापासून कामावर जातानाही किल्ली मी माझ्याच करदोट्याला बांधून न्यायचो. ती खिडकीतून भाकरी द्यायची, खिडकीतूनच त्यांच्याशी बोलत बसायची. कोणाकडे हळदीकुंकवाला गेली नाही, रांजणीला माहेरी गेली नाही. मला वाटायचं, चाललंय बराबर.

सप्ताह आला. त्या दुपारी वीणा माझ्याच खांद्यावर होती. पंगती उठल्या होत्या, निम्मी माणसं मंडपात आडवी झाली होती. पुढचा पहारा सखाराम शिंप्याचा, आणि सखारामचा पत्ता नव्हता. माझा खांदा भरून आलेला, पाय सुजलेले. मनात देवाला म्हणत होतो, मारुतीराया, कोणाला तरी पाठव!

आणि शांता आली. पदर ढळलेला, उजव्या हाताला चिंधी बांधलेली, तिच्यातून रक्त झिरपतंय. डाव्या हातात नानांचा हात. नानांचं धोतर ओलं, दाढी वाढलेली.

मंडप उठून बसला. शेजारच्या भागीरथीकाकू म्हणाल्या, "अगं बाई! हे तर हसनाबादला गेल्ते ना?"

"कुठंबी गेले न्हाईत, काकू. दिवाळीपासून कुलपात हायेत. आज वरवंट्यानं कुलूप फोडलं मी." मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. "अहो, तुमच्या विणेला पहारा हाय. एक दमला की दुसरा येतो. माझ्या पहाऱ्याला कोण हाय?"

मी तर शरमेनं मेलोच. तेवढ्यात नाना पुढे आले आणि माझ्यासमोर वाकले. त्यांनी माझ्या पायांना हात लावला! मी मागे सरलो. पण वीणा घेण्याची रीतच ती, आणि नाना ती विसरले नव्हते. सरळ होऊन त्यांनी विणेला हात घातला. मला वाटलं, पाडणार. मी धरून ठेवली.

"सोड रे पोरा," नाना म्हणाले. "दमलास."

मी सोडली. वीणा त्यांच्या खांद्यावर अशी बसली की जणू कधी उतरलीच नव्हती. नाना ताठ उभे राहिले आणि 'राम कृष्ण हरी' चालू झालं. त्यांनी मला ओळखलं होतं का, हे मला आजही माहीत नाही.

मग जे सुरू झालं ते काय सांगू! भागीरथीकाकूंनी शांताला धरून आपल्या घरी नेलं, हात धुऊन हळद भरली, निजवलं. ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. सखाराम डोळे चोळत आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "वीणा टेकत न्हाई, मंग नानाबी एकले पडायचे न्हाईत. लावा पहारा!" आणि खरंच लागला. सकाळी काकू, दुपारी सखारामचं दुकान, तिथे नाना चिंध्यांच्या घड्या घालायचे. गल्लीच्या टोकाला राहणारे बौद्ध मास्तर शाळा सुटली की यायचे. म्हणाले, "देवळाशी माझं काम न्हाई. नानांशी हाय." रोज त्यांना स्टेशनापर्यंत गाडी दाखवायला न्यायचे. नाना सगळ्यांनाच गिरदावरसाब म्हणायचे. सखाराम हसायचा, "बायकोनं कधी साहेब म्हणलं न्हाई, नानांनी पदवी दिली!" जो जाई तो येणाऱ्याच्या पाया पडून नानांना सोपवी, आधी गंमत म्हणून, मग सवयीनं. सप्ताह संपला, हा पहारा संपला नाही. नाना जाईपर्यंत चालला. शांता रांजणीला जाऊन आठ दिवस राहून आली, आणि येताना गाणं गुणगुणत आली.

भार देवावर टाकावा असं मी जन्मभर ऐकलं होतं. तो टाकताना आधी माणसापुढे वाकावं लागतं, हे त्या दुपारी कळलं. देवानं इतकी माणसं दिली, त्याचे उपकार कसे फेडू?

पण परगावी सांगताना मी काय सांगितलं? की विणेचा नाद ऐकून कुलूप आपोआप गळून पडलं आणि नाना एकटेच चालत आले. माणसं डोळे पुसायची. एकदा बायकांच्या घोळक्यात शांताही बसली होती. कोणीतरी तिला विचारलं, "खरं का हो, माई?" ती म्हणाली, "हे म्हणतात तर असंल." आणि उजवा तळहात पदराखाली घेतला.

ती गेली त्या वर्षी, एका दुपारी ती शेंगा फोडत होती. मी जवळ जाऊन बसलो. म्हणालो, "शांता, त्या सप्ताहातल्या दुपारचं..." तिनं वर पाहिलं. "चहा ठेवू का?" म्हणाली. मी म्हणालो, "ठेव." ती उठून आत गेली, आणि पुढचं तोंडातच राहिलं: देवानं धाडलं ते तुलाच, आणि मी तुलाच गाळलं. मला माफ कर.