बारवेची कोरडी पायरी

९ मे १९५५, सकाळचे साडेसात. गंगाखेडजवळच्या आमच्या गावात बारवेच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर तो वाट अडवून उभा होता. हैदराबादेस एम. ए. करणारा हा तरुण सुटीत एका सेवा मंडळाचे काम करी. प्रत्येक वाक्यानंतर तो थांबे. समोरच्याला नकार देण्यास जणू अवसर देई.

पायाला नारू होऊन जखमेतून दोऱ्यासारखा जंत डोकावणारी मेंढपाळाची म्हातारी आई घागर घेऊन पाण्यात उतरू पाहत होती.

"मावशी, ह्या जखमेतनं जंतू पाण्यात जातात. मग ते साऱ्या गावाच्या पोटात."

"आमचं पाणी अडवायलास व्हय रे?" तिच्या मुलाने काठी उगारली. "लय शिकलास! तुला काय ठावं नारू?"

त्याने पायजमा वर केला. घोट्यावर चिंधी बांधलेली होती. "गेल्या सुटीत इथलंच पाणी प्यालो. म्हणून मीही उतरत नाही."

मी गावचा पाटील. माझा एक शब्द पुरला असता. मी वरच्या काठावरून नुसता पाहत राहिलो.

काठी सावकाश खाली आली. त्या तरुणाने सोबत आणलेल्या दोराने म्हातारीची घागर पाण्यात सोडून भरली, आणि दुपारपर्यंत येईल त्याची भरत राहिला. निघताना त्याने ओला दोर नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.