निळ्या पेन्सिलीची आठ पानं

मास्तरांनी रंगीत प्रिंट उजव्या डोळ्याजवळ नेला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ह्ये कुठलं गाव?"

मी म्हणालो, "तुमचंच की. तुम्हीच काढलंय."

"आमच्या माण तालुक्यात एवढं हिरवं? आवं, एवढं गवत असतं तर माझी मेंढरं गाव सोडून निघालीच नसती. गोष्टच संपली की."

कॉम्प्युटरवर रंग भरणाऱ्या जाधवबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. मी घातली नाही. माझा तो स्वभावच नाही.

"मग तुम्ही रंग सांगा," मी म्हणालो. "तसे भरू."

"सांगायचं काय त्यात? मूळ पानांवर लिवलंय की मी. निळ्या पेन्सिलीनं. परतेक चौकटीत."

ती निळी पेन्सिल मी स्वतःच्या हातानं पुसली होती.

आधी मी कोण ते सांगतो. माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतर सांगलीच्या एका छापखान्यात कॅमेरा खात्यात लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. कॅमेरा म्हणजे लग्नातला नव्हे. खोलीएवढा कॅमेरा असतो. चित्र समोर फळीवर लावायचं, दोन्ही बाजूंनी मोठे दिवे मारायचे आणि फिल्म काढायची. त्या फिल्मवरून प्लेट होते, प्लेटवरून छपाई. फिल्मवरचा डाग ब्रशनं झाकणं आणि पुसट रेघ जुळवणं याला रिटचिंग म्हणतात. रिटचिंगमध्ये माझा हात धरणारा सांगलीत कुणी नव्हता. हे मी म्हणत नाही, मालक म्हणायचे. आता मालक नाहीत म्हणून मी म्हणतो.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास मालकांनी कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणला. त्याच्यावर जाधवबाई. आष्ट्याहून रोज एसटीनं यायच्या, घरी दोन मुलं, हातात डबा, आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. माझीही तीच गत. त्यामुळे आमचं बरं चालायचं.

काम आलं साताऱ्याहून. मास्तर मूळचे दहिवडीकडचे. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. त्याच्या पस्तीस वर्षं आधी त्यांनी एका साप्ताहिकासाठी चित्रकथा काढली होती. मेंढरं घेऊन निघालेल्या एका कुटुंबाची गोष्ट, बत्तीस पानं, काळ्या शाईत. साप्ताहिक कधीच बंद पडलं. मूळ पानं मात्र मास्तरांच्या मुलीनं, विमलताईंनी, ट्रंकेत जपून ठेवली होती. मास्तरांचा डावा डोळा काचबिंदूनं गेलेला. उजवाही जात चालला होता. डोळा आहे तोवर स्वतःची पानं रंगीत बघायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

विमलताई म्हणाल्या होत्या, "पहिली आठ पानं नमुन्याला न्या. रंग बाबांना पटले तर बाकीची चोवीस देते. पण पानांना काही झालं तर काम तिथंच थांबलं."

आता पुसलं कसं ते. आमच्या खात्यात एक रीत होती. चित्रकार आखणी करायचा आणि सूचना लिहायचा त्या निळ्या पेन्सिलीनं, कारण आमच्या फिल्मला निळा आणि पांढरा सारखाच. निळं फिल्मवर उमटतच नाही. म्हणून निळं असलं काय, नसलं काय. तरी चांगला कारागीर कॅमेऱ्याला लावण्याआधी चित्र साफ करायचा. शिळ्या पावाचा गर घ्यायचा आणि हलक्या हातानं फिरवायचा. मळ निघतो, शाईला धक्का लागत नाही.

पण स्कॅनरला सगळंच दिसतं. जाधवबाईंनी पहिलं पान स्कॅन केलं तर पडद्यावर शाईबरोबर निळ्या रेघाही आल्या. मी म्हणालो, "पान घाण आहे. आणा इकडं, पुसतो."

"तात्या, मूळ पानाला हात लावू नका. निळं मी मशीनमध्ये काढते."

"मशीनमध्ये किती वेळ?"

"पानाला दोन-तीन तास."

"मी दहा मिनिटात करतो. तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून करतोय."

बेकरीतून शिळा पाव मागवला आणि आठही पानं पुसली. आठव्या पानावर पेन्सिल जास्त दाबून लिहिलेली होती, पावाला दाद देईना. तिथं मी ब्लेडची धार आडवी धरून खरवडलं. अक्षरं होती ते दिसत होतं. काय लिहिलंय ते वाचलं नाही. पान पांढरंशुभ्र झालं तेव्हा बाईंना दाखवून म्हणालो, "याला म्हणतात काम."

हे सगळं साताऱ्याला मास्तरांच्या घरी, त्या प्रिंटसमोर मला एका क्षणात आठवलं.

विमलताईंनी ट्रंकेतून नववं पान काढून टेबलावर ठेवलं. प्रत्येक चौकटीत निळं बारीक अक्षर. मी वाचलं. 'आभाळ ताकासारखं. माळ करडईच्या भुशाचा. घोंगडं काळं, ऊन लागतं तिथं तांबूस.'

मास्तर म्हणाले, "संपादक म्हनले हुते, दिवाळीला रंगीत काढू. म्हनून लिवून ठिवलं. ती दिवाळी काय आली न्हाई."

"याच्यावरून पहिल्या आठ पानांचा अंदाज..." जाधवबाई बोलायला लागल्या.

"न्हाई जमायचं. पैली आठ पानं पहाटंपासनं भर दुपारपतुर हायती. परतेक पानाचं ऊन येगळं. मला आता आठवत न्हाई, पन पानाला आठवतंय."

विमलताई म्हणाल्या, "सोमवारी ती आठ पानं घेऊन या. बाबा समोर बसून सांगतील. पुढच्या आठवड्यात डॉक्टर काय म्हणतात कुणास ठाऊक."

मी "बरं" म्हणालो. खरं सांगायला तोंड उघडलंच नाही. परतीच्या एसटीत कराड गेल्यावर जाधवबाई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं."

"माहीत आहे."

"नाही, तरी एकदा म्हणून घेतलं."

सांगलीला मालकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, पुसायच्या आधीचा स्कॅन आहे का?"

"पहिल्या पानाचा केला होता. डिस्कवर जागा नव्हती. पुसल्यावर त्याच नावानं नवीन केला. जुना गेला."

"तात्या, तुम्हाला काय वाटतं?"

"जाऊन सांगतो त्यांना."

"सांगून रंग येणार आहेत का? तीन दिवस आहेत. आधी काहीतरी करा, मग सांगा."

त्या दिवशी बाईंनी पुसलेली पानं पुन्हा स्कॅन केली. काळं-पांढरं कमीजास्त करून बघितलं. पडद्यावर नुसता राखाडी धूर. एक अक्षर लागेना. त्यात दोनदा लाइट गेली आणि केलेलं सगळं गेलं. मी मागं उभा होतो. मला कुणी बस म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिसरं पान घेऊन खिडकीशी गेलो. कशासाठी गेलो ते मलाही माहीत नव्हतं. नेगेटिव्हवरचा चरा बघायचा तर ती उजेडाला तिरपी धरायची, ही हाताची जुनी खोड. पान तसंच तिरपं धरलं. कागदावर बारीक खाचा दिसल्या. पेन्सिल गेली होती, तिचा दाब राहिला होता. मी पान फिरवत राहिलो. एक 'रा' दिसला. मग 'ख'. राख.

"बाई, इकडं या."

त्या आल्या. मी पान धरलं तसं त्यांनी डोकं वाकडं केलं. मग म्हणाल्या, "स्कॅनरला हे दिसणार नाही. त्याचा उजेड सरळ पडतो."

"माझ्या कॅमेऱ्याला दिसेल."

कॅमेरा खातं तेव्हा जवळजवळ बंदच पडलेलं. दिव्यांवर धूळ. एका बाजूचा दिवा मी बंदच ठेवला. दुसरा खाली उतरवून कागदाच्या पातळीत आणला, उजेड कागदावरून सरपटत जाईल असा. प्रत्येक खाचेला सावली पडली. फिल्म काढली, धुतली, तिचा प्रिंट केला. तो बाईंनी स्कॅन केला आणि मशीनमध्ये सावली गडद केली. पडद्यावर मास्तरांचं अक्षर हळूहळू वर आलं. 'पहाट. मेंढरं राखेसारखी. फक्त चुलीपाशी तांबडं.'

जाधवबाई म्हणाल्या, "आणि मी हिरवा गालिचा घातला होता."

एका पानाला चार-चार फिल्म लागल्या. दिवा डावीकडून मारला तर अर्धी अक्षरं यायची, वरून मारला तर उरलेली. रविवारी संध्याकाळपर्यंत सात पानं वाचून झाली. बाईंनी सातही पुन्हा रंगवली.

आठवं पान राहिलं. वावटळीचं पान. भर दुपारी धुळीचा लोट येतो आणि पोराच्या हातातून कोकरू सुटतं. चारी बाजूंनी दिवा मारला. काही नाही. ब्लेडनं कागदाचा वरचा पापुद्राच गेलेला. दाब राहणार कुठं? एवढं साफ काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

मालक म्हणाले, "धुळीचा रंग काय, मातकट असणार. भरा आणि न्या. मास्तरांना आठवत तर नाही."

जाधवबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "नको. कोरंच नेतो."

सोमवारी साताऱ्याला मास्तरांसमोर मूळ आठ पानं ठेवली, बाजूला सात रंगीत प्रिंट. ते प्रिंटकडं वळायच्या आधीच मी सगळं सांगितलं. उभ्यानं सांगितलं. विमलताईंचा चेहरा उतरत गेला. त्यांनी आठवं पान उचललं, खिडकीपाशी नेलं आणि खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

मास्तर म्हणाले, "कशानं पुसलं?"

"पावानं. हे एक ब्लेडनं."

"पाव ताजा का शिळा?"

"शिळा."

"बराबर. ताज्याचा चिकटा लागतो." मग म्हणाले, "कारागीर हायसा. वाचायचं मातर राह्यलं."

मी पहिला प्रिंट त्यांच्या हातात दिला.

त्यांनी एकेक प्रिंट डोळ्याशी नेला. सातव्यापर्यंत पोचायला पाऊण तास लागला. मधेच एकदा म्हणाले, "चुलीपाशी तांबडं. व्हय. आई बसायची तितं." सातवा प्रिंट खाली ठेवून विमलताईंना म्हणाले, "दे त्येस्नी बाकीची पानं."

"बाबा, अहो पान खराब केलंय त्यांनी."

"केलंय. आन् सांगितलंय बी. दे."

जाधवबाईंनी विचारलं, "आणि आठवं? तुम्ही म्हणाल तो रंग भरते."

"मला आठवत न्हाई. अंदाजानं भरायचा आसंल तर मला कशाला इचारता? त्ये काळंच छापा." आणि माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "त्ये तुमच्या हातचं पान हाय."

पुस्तक निघालं. मास्तरांनी ते उजव्या डोळ्यानं पाहिलं, दोन महिने रोज पाहत होते असं विमलताईंनी कळवलं. त्यानंतर तो डोळाही गेला.

पुस्तक वाचलेली माणसं अजून कधीकधी भेटतात. आठव्या पानाचं लय कौतुक करतात. एक प्राध्यापक मला म्हणाले, "वावटळ आली आणि रंगच उडून गेले. काय कल्पना आहे!" सुरुवातीला मी खरं सांगायचो, तर लोकांना तो माझा विनय वाटायचा. विनय माझ्यात कधीच नव्हता. आता मी गप्प बसतो.

नव्या पोरांना एवढंच सांगतो की, पुसायच्या आधी वाचावं. माझी शाळा चौथीत सुटली, पण वाचता मला येत होतं.