हॉलोवेबाईंना लिहिलेली चिठ्ठी

नीला साताऱ्यात वाढली. तिथे मुलीचं शाळेत काही बिनसलं की आई वहीच्या मागच्या पानावर बाईंना दोन ओळी लिहायची, बाई खाली उत्तर लिहायच्या आणि विषय मिटायचा. डेट्रॉइटजवळच्या उपनगरात वीस वर्षं गाड्यांच्या सीटा डिझाइन केल्या, तरी नीलाची ही सवय काही सुटली नव्हती.

तिच्या आठवीतल्या लेकीला, केयाला, हॉलोवेबाईंनी इतिहासाच्या तासाला एक जुनं खरेदीखत दाखवलं. याच गावातलं. गोऱ्यांखेरीज कुणालाही घर विकायचं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. बाईंच्या कृष्णवर्णीय आजोबांना त्याच कलमापायी या गावातून परत फिरावं लागलं होतं. केया घरी आली ती गप्पच, जेवलीही नाही. नीलाने शाळेच्या वेबसाइटवर दिसला तो फॉर्म भरला : ‘मुलगी अस्वस्थ आहे. वर्गात नेमकं काय शिकवलं, कळेल का?’

झालं! तो तक्रारीचा फॉर्म होता. तो बाईंकडे न जाता थेट गावातल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डाकडे गेला.

गावातल्या ज्या लोकांना वर्णभेदाचे असले धडे नकोच होते, त्यांना आयतं निमित्त सापडलं. ‘एका स्थलांतरित आईची तक्रार’ अशी पत्रकं निघाली. धडा थांबला. तो कायमचा काढायचा का, यावर मंगळवारी मतदान ठरलं.

“तुझं नाव कुठे छापलंय? गप्प बस ना यार,” नवरा, विवेक, म्हणाला. “ग्रीन कार्ड अजून लटकलंय आपलं.” इतकी वर्षं दोघं याच भीतीने मान खाली घालून जगले होते. नीलाला त्या जगण्याची पहिल्यांदाच लाज वाटली.

मंगळवारी ती बोर्डासमोर माइकपाशी उभी राहिली.

“ती तक्रार माझी आहे. म्हणजे तक्रार नव्हतीच, मला फक्त विचारायचं होतं. माझ्या मुलीला वाईट वाटलं, कारण ते खरं आहे. धडा राहू द्या.”

तीन मिनिटं मिळाली होती. तिचं बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं.

चार विरुद्ध तीन मतांनी धडा गेला.

बाहेर हॉलोवेबाई कोट चढवत होत्या. माफी मागताना नीलाला रडू फुटलं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“शाळा सुटल्यावर तासभर मी वर्गातच असते,” त्या म्हणाल्या. “दार उघडंच असतं.”

तो वर्ग कुठे आहे, हेसुद्धा नीलाला ठाऊक नव्हतं.