सोनीबायचा पहिला घोट

म्हशाच्या जत्रेत, बैलबाजाराच्या तोंडाशी, मी पत्रकं वाटत उभी होते. तानशाकडच्या पाड्यावरचा गोविंद समोर आला. त्याने पत्रक घेतलं नाही. "ताई, सोनीबाय गेली. परवा," एवढंच म्हणाला आणि गर्दीत मिसळला. त्याला आता महिना होऊन गेला. हातात तेव्हा कसली पत्रकं होती, ते आठवत नाही... तिच्या बालवाडीवर मी लिहिलेलं पत्रक मात्र शब्दन् शब्द आठवतं.

सोनीबाय त्या पाड्यावरची बालवाडी चालवायची. चौथी शिकलेली, आवाज पत्र्यावर खडा पडावा तसा. आणि मी शहापूरच्या कॉलेजातून थेट संघटनेत शिरलेली, एकवीस वर्षांची. मला प्रत्येक गोष्टीत फसवणूक दिसायची. (अजून दिसते, कारण अजून असते.) मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती पातेल्यात दुधाची पावडर कालवून वर डब्यातला कोको टाकत होती. मुंबईची एक संस्था दोन्ही पाठवायची. त्याच सुमारास एका पुरवणीत मी वाचलं होतं की कोकोत रक्तवाहिन्यांना उपकारक द्रव्यं असतात, पण दुधाबरोबर घेतली तर ती रक्तात कमी उतरतात. झालं! एका बैठकीत पत्रक तयार: 'आदिवासी पोरांच्या पेल्यात धूळफेक!' एका हाताने कोको द्यायचा आणि दुसऱ्या हाताने दूध ओतून त्याचा गुण मारायचा, हे कसलं पोषण, असा खडा सवाल. एस.टी. स्टँडवर वाटलं, संस्थेलाही पाठवलं. संस्था घाबरली. कोको बंद झाला, दूध चालू राहिलं. मला वाटलं, जिंकलो.

तीन आठवड्यांनी सोनीबायचा निरोप आला, ये म्हणून. मी कौतुकाच्या अपेक्षेने गेले. तिने पांढऱ्या दुधाचा पेला माझ्या हातात दिला आणि समोर कमळीला बसवलं. कमळी चार वर्षांची, हात काटकीसारखे.

"पाज तिला," सोनीबाय म्हणाली.

मी पेला पुढे केला. कमळीने तोंड फिरवलं. मी गोड बोलले, गाणं म्हटलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"नाय पीत? मग तुझा कागद वाचून दाखव तिला. शिकलेली हायेस ना गो!"

त्या पाड्यावर गाय पिळत नाहीत. दूध वासराचं, ते माणसाने घ्यायचं नाही, ही पूर्वापार रीत. आईचं सुटलं की पोरांच्या तोंडाला दूध लागत नाही, आणि वासानेच त्यांना मळमळतं. हे मला ठाऊक नव्हतं. पुरवणीत कुठून असणार! "मी कोको कवा पाजत होते?" सोनीबाय म्हणाली. "मी दूध पाजत होते. कोको वास मारायला." मग भिंतीवरचा तक्ता दाखवला. कमळीच्या वजनाची रेघ महिनोन्महिने हळूहळू वर चढली होती आणि माझ्या पत्रकानंतर खाली वळली होती. मी त्या रेघेकडे बघत राहिले...

परतताना तालुक्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बातमी अगदीच खोटी नाही. काही तपासण्यांत तसं दिसलंय, काहींत फरकच दिसला नाही. पण त्या पोरांना कोकोच्या गुणासाठी कोको देतं कोण? त्यांना दुधातलं हवंय. ते कोकोने पळून जात नाही." मी संस्थेला माफीचं पत्र लिहिलं. उत्तर यायला पावसाळा सरला.

तोवर सोनीबाय थांबली नाही. नागली, म्हणजे नाचणी, करपायच्या बेताला येईपर्यंत भाजायची, दळायची, गुळाबरोबर दुधात घालायची आणि कोकोच्याच रिकाम्या डब्यातून काढून द्यायची. "तेच हाय, प्या!" रंग तोच, डबा तोच. रोज पातेलं उतरलं की पहिला घोट ती स्वतः घ्यायची, पोरांसमोर, ओठ चाटून. मग पोरं प्यायची. महिनाभरात कमळीची रेघ पुन्हा वर वळली. मला सोनीबाय त्यावरून पुढे कधीच बोलली नाही. फक्त नवं पत्रक घेऊन गेले की विचारायची, "कुणाला इचारलंस का, का तसंच छापलंस?"

परवा पाड्यावर गेले. नवी बाई अजून नेमलेली नाही. सुट्टीला आलेली कमळी, आता आश्रमशाळेत पाचवीला असलेली, चुलीपाशी पातेलं ढवळत होती. तिने डबा उघडला. झाकणाखाली ओल लागू नये म्हणून घडी करून दाबलेला एक कागद होता, तपकिरी झालेला. 'धूळफेक' एवढीच अक्षरं उरली होती.

"सोनीबायला दूध आवडायचं, नाही?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"हॅट! तिला वकारी यायची. घोट घेऊन मागल्या दारी जायची, थुकायची, तोंड धुवायची. रोज. पोरांना सांगू नको म्हनायची."

इतकी वर्षं, रोज सकाळी...

कमळीने पातेलं उतरवलं, वाटीत थोडं घेतलं आणि समोर बसलेल्या पोरांकडे बघत एक घोट प्याली. ओठ चाटले. मग ती वाटी माझ्यापुढे धरली. मलाही दूध सोसत नाही, लहानपणापासून. पोरं बघत होती. मी वाटी रिकामी केली, आणि ओठ चाटले.