वडिलांच्या आवाजासाठी दोन ॲम्प्लिफायर

सोल्डरिंगचा धुरकट वास आला की तीसेक वर्षांपूर्वीची, पाथर्डीतली भीमजयंतीची दुपार आठवते. माझे वडील भीमगीतं गायचे, पण आजारपणात त्यांचा आवाज बारीक झाला होता आणि मोठ्या ॲम्प्लिफायरवर वरचे छोटे स्पीकर तो नुसता किंचाळल्यासारखा ऐकवायचे. “आता न्हाई गात मी,” म्हणत ते माईकपासून उठले. माझ्या नवऱ्याचंच साउंड सर्व्हिसचं दुकान होतं. त्यांनी मोठा ॲम्प्लिफायर फक्त खालच्या जाड स्पीकरला ठेवला आणि छोट्यांना आमच्या घरातला कमी ताकदीचा, मऊ आवाजाचा ॲम्प्लिफायर तारा सोल्डर करून जोडला. “मामा, आता म्हना.” वडिलांनी एक कडवं गायलं आणि जावयाचा हात धरला, “पाव्हनं, लई दिसांनी माजा आवाज मला वळखू आला.” पुढच्या जयंतीला वडील नव्हते. नवऱ्याने तशीच जोडणी केली आणि माईक माझ्यापुढे धरला. अजून मीच गाते.